न्यू जर्सीहून टेक्ससला सामान हलवताना गमी, वेप, गांजा: वाटेतल्या राज्यांत काय शिक्षा, आणि व्हिसाचं काय होतं?

मृणाल_एडिसन

धाकटा भाऊ स्टेम ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर) आहे. नवी नोकरी डलासजवळ प्लेनोला लागली आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव निघालंय, डिसेंबरात मुंबईला स्टॅम्पिंगला (पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला) जायचं ठरतंय. पुढच्या महिन्यात तो आणि दोन रूममेट भाड्याच्या ट्रकने सामान घेऊन निघतील. रूममेट दोघंही इथल्या डिस्पेन्सरीतून (गांज्याच्या परवानाधारक दुकानातून) रीतसर बिल घेऊन गमी (गांज्याच्या अर्काच्या चघळायच्या गोळ्या) आणि वेप (तो अर्क ओढायचं पेन) आणतात. भाऊ स्वतः घेत नाही, पण सामान सगळं एकत्रच बांधलं जाणार.

वाट अशी: आय-७८ ने पेनसिल्व्हेनिया, मग आय-८१ ने मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया, पुढे टेनेसी, आर्कन्सॉ आणि टेक्सस.

मला नेमकं हे कळायला हवंय:
१. न्यू जर्सीचं बिल वाटेत कुठे चालतं का?
२. ट्रकमध्ये थोडंसं सापडलं तर कोणत्या राज्यात काय शिक्षा आहे?
३. पहिल्यांदाच सापडलं, दंड भरला, केस मिटली, तर व्हिसावर परिणाम होतो का?

"काही होत नाही गं" असं सांगणारे खूप भेटले. कलमं आणि आकडे माहीत असणाऱ्यांनी कृपया लिहावं.

---

आय_८१_दक्षिण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. बिल कुठेच चालत नाही. माल न्यू जर्सीची हद्द ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेला की तो आंतरराज्य वाहतुकीत मोडतो आणि तिथे केंद्राचा अंमली पदार्थांविषयीचा १९७० चा कंट्रोल्ड सबस्टन्सेस अ‍ॅक्ट लागतो. दोन्ही राज्यांत गांजा कायदेशीर असला तरी मधली रेषा ओलांडणं केंद्राच्या लेखी गुन्हाच. न्यू जर्सीतून न्यू यॉर्कला जातानाही तेच. केंद्रीय कायद्यात नुसतं जवळ बाळगण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १,००० डॉलर दंड आहे. महामार्गावर अडवणारे राज्याचे पोलीस बहुतेक वेळा राज्याचंच कलम लावतात, म्हणून राज्यवार चित्र देतो. १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम.

न्यू जर्सी: २१ वर्षांवरच्यांना ६ औंसांपर्यंत बाळगायला शिक्षा नाही. दुकानातून एका वेळी १ औंस मिळतो. कायदा फेब्रुवारी २०२१ चा, दुकानं एप्रिल २०२२ पासून. मात्र घरी कुंडीत एक रोप लावलं तरी तो थर्ड डिग्री क्राइम, ३ ते ५ वर्षं आणि २५,००० डॉलरपर्यंत दंड. "दुकानात विकतात म्हणजे बाल्कनीत लावलं तर काय बिघडलं" हा समज आपल्या लोकांत सर्रास आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पेनसिल्व्हेनिया: ३० ग्रॅमपर्यंत ३० दिवस कैद, ५०० डॉलर दंड. फिलाडेल्फिया शहरात नुसती दंडाची चिठ्ठी मिळते, पण आय-७८ फिलाडेल्फियातून जात नाही, त्यामुळे त्या सवलतीवर भिस्त ठेवू नका. इथला खरा धोका गाडी चालवणाऱ्याला आहे. रक्तात गांजाचा किंवा त्याच्या विघटनातून उरलेल्या घटकाचा अंश जरी निघाला तरी तो डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवण्याचा गुन्हा. नशा चढली होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही. तो अंश शरीरात कित्येक दिवस राहतो. शनिवारी न्यू जर्सीत कायदेशीर घेतलेली गमी मंगळवारी हॅरिसबर्गजवळ डीयूआय ठरू शकते. ट्रक कोण चालवणार हे ठरवताना हे लक्षात ठेवा.

मेरीलँड: १ जुलै २०२३ पासून दीड औंसापर्यंत कायदेशीर. आय-८१ वरचा हा पट्टा जेमतेम बारा मैलांचा.

वेस्ट व्हर्जिनिया: ९० दिवस ते ६ महिने, १,००० डॉलरपर्यंत. १५ ग्रॅमखाली पहिल्याच वेळी सापडलं तर कोर्ट अटी घालून केस काढून टाकतं.

व्हर्जिनिया: जुलै २०२१ पासून १ औंस जवळ ठेवता येतो. चालत्या गाडीत उघडं पाकीट मात्र नको.

टेनेसी: अर्ध्या औंसापर्यंत क्लास ए मिसडिमिनर (किरकोळ गुन्ह्याचा प्रकार), म्हणजे ११ महिने २९ दिवसांपर्यंत कैद. पहिल्या वेळी किमान २५० डॉलर दंड, कमाल २,५००. ब्रिस्टलपासून मेम्फिसपर्यंतचा हा टप्पा तुमच्या वाटेवरचा सर्वांत लांब.

आर्कन्सॉ: ४ औंसांखाली पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड.

टेक्ससबद्दल तिथल्याच कुणीतरी लिहावं. तिथे वेप आणि गमीचं गणित निराळं आहे आणि भल्याभल्यांना ते ठाऊक नसतं.

---

प्लेनोकर

टेक्ससचं सांगतो. दोन वेगळी कोष्टकं आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिलं कोष्टक गांज्याच्या फुलाचं, म्हणजे वाळलेल्या कळ्यांचं:
– २ औंसांपर्यंत: क्लास बी मिसडिमिनर, १८० दिवसांपर्यंत कैद, २,००० डॉलरपर्यंत दंड
– २ ते ४ औंस: क्लास ए, एक वर्षापर्यंत, ४,००० डॉलर
– ४ औंस ते ५ पौंड: स्टेट जेल फेलनी (फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा), १८० दिवस ते २ वर्षं, १०,००० डॉलर

दुसरं कोष्टक अर्काचं. वेपचं कार्ट्रिज, वॅक्स, तेल, गमी, ब्राउनी, चॉकलेट हे सगळं टेक्ससच्या कायद्यात "मॅरिजुआना" म्हणून मोजतच नाहीत. ते पेनल्टी ग्रुप २ मध्ये जातं:
– १ ग्रॅमखाली: स्टेट जेल फेलनी
– १ ते ४ ग्रॅम: थर्ड डिग्री फेलनी, २ ते १० वर्षं
– ४ ते ४०० ग्रॅम: सेकंड डिग्री फेलनी, २ ते २० वर्षं

इथे मिसडिमिनरची पायरीच नाही. आणि वजन नुसत्या टीएचसीचं (गांज्यातल्या नशेच्या घटकाचं) धरत नाहीत, ज्यात ते मिसळलंय त्या सगळ्या पदार्थाचं धरतात.

आता डिस्पेन्सरीतलं एक साधं पाकीट घ्या. आत १० गमी, प्रत्येकीत १० मिलीग्रॅम टीएचसी. म्हणजे खरा अंमली पदार्थ सगळा मिळून १०० मिलीग्रॅम, एका ग्रॅमचा दहावा भाग. पण एक गमी साखर-जिलेटिनसकट ४ ग्रॅमची धरली तर पाकीट ४० ग्रॅमचं झालं. टेक्ससमध्ये ते सेकंड डिग्री फेलनीच्या खान्यात जातं. तेच खिशात १० ग्रॅम फूल सापडलं तर क्लास बी. म्हणून "गमीच तर आहेत, गांजा थोडाच आहे" हे टेक्ससमध्ये बरोबर उलटं लागू होतं. प्रत्यक्षात सरकारी वकील पुष्कळदा खालच्या कलमावर यायला तयार होतात, पण अटक, जामीन आणि आरोपपत्र फेलनीचंच असतं.

शहरांनी केलेल्या ठरावांवरही विसंबू नका. ऑस्टिन, सॅन मार्कोस, डेंटन वगैरे शहरांनी मतदान घेऊन "थोड्या गांज्यासाठी अटक नको" असं ठरवलं. जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी त्या शहरांवरच दावे लावले. शिवाय महामार्गावरच्या राज्य पोलिसांना शहराचा ठराव लागूच होत नाही. प्लेनो, फ्रिस्को हे कॉलिन काउंटीत येतात. तिथे नरमाई गृहीत धरू नका.

ह्यूस्टनची गोष्ट वेगळी. हॅरिस काउंटीत मार्च २०१७ पासून ४ औंसांखालच्या गांज्यासाठी आरोप न ठेवता १५० डॉलर आणि चार तासांचा वर्ग अशी योजना आहे. पण ती फुलासाठी. वेप त्यात बसत नाही.

---

कायदेकानू

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण मृणालताई, तुमच्या भावाला खरी शिक्षा तिथेच बसू शकते. कैद किंवा दंड हा अमेरिकन नागरिकापुरता प्रश्न. एफ-वन (विद्यार्थी व्हिसा), एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्याची दुसरी शिक्षा इमिग्रेशन कायद्यात लिहिलेली आहे आणि ती माफ करायचा अधिकार राज्याच्या न्यायाधीशाला नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, देशाबाहेर काढणं. अंमली पदार्थाच्या कोणत्याही दोषसिद्धीवर हद्दपारी होऊ शकते, अपवाद एकच: स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा, आणि तोही फक्त एकदाच. दोन, देशात प्रवेश नाकारणं. इथे ३० ग्रॅमचा अपवाद नाही. पाव ग्रॅमची दोषसिद्धी असली तरी प्रवेश बंद.

याचा अर्थ नीट समजून घ्या. १० ग्रॅमवर दोषी ठरलेला विद्यार्थी अमेरिकेत राहिला तर त्या कारणाने हद्दपार होणार नाही. पण बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेला आणि परत यायला व्हिसा मागितला की तिथे अडकला. वकिलाने "हद्दपारी होत नाही" असं सांगितलं, ते खरंही असतं, आणि मुलगा निर्धास्तपणे विमानात बसतो. सर्वांत जास्त घात इथे होतो.

आता दोषसिद्धी कशाला म्हणतात? इमिग्रेशन कायद्याची स्वतःची व्याख्या आहे. गुन्हा कबूल केला किंवा "विरोध नाही" म्हटलं, आणि कोर्टाने कसलंही बंधन घातलं, दंड, वर्ग, देखरेख काहीही, की झाली दोषसिद्धी. टेक्ससमध्ये वकील सर्रास "डिफर्ड अ‍ॅडजुडिकेशन" सुचवतात. कबुली द्यायची, वर्षभर नीट वागायचं, मग केस रद्द. राज्याच्या दप्तरी तुम्ही कोरे, इमिग्रेशनच्या लेखी कायमचे दोषी. पुढे रेकॉर्ड पुसून घेतलं तरी फरक पडत नाही.

याउलट कबुली न देता, आरोप सिद्ध व्हायच्या आधी होणारी "प्रीट्रायल डायव्हर्जन" बहुधा दोषसिद्धी धरत नाहीत. पण त्या करारात "मी अमुक पदार्थ बाळगला होता" असं लिहून सही घेत असतील तर तीही कबुलीच. मसुदा आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा, सही नंतर.

फौजदारी वकिलाने हा परिणाम सांगितलाच पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे, पडिला विरुद्ध केंटकी. तो खटलाही गांज्याच्या वाहतुकीचाच होता. वकिलाने त्याला "इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस" असा सल्ला दिला होता. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: "या कबुलीने मला परत प्रवेश मिळेल का?" "हद्दपारी होईल का?" एवढंच विचारू नका.

आणखी एक. दोषसिद्धी नसतानाही, गुन्ह्याचे सगळे घटक मान्य करणारी कबुली पुरेशी असते. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं आणि "हो, कोलोरॅडोत घेतला होता, तिथे कायदेशीर आहे" असं उत्तर दिलं, तर ते केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा कबूल करणं ठरू शकतं. अमेरिकेच्या सीमेवर फोन वॉरंटशिवाय तपासता येतो. डिस्पेन्सरीसमोरचे फोटो आणि ग्रुपवरची "कोण आणतंय?" ही चर्चा त्यात असतेच.

---

मृणाल_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. टेक्ससचं वजनाचं वाचून धक्काच बसला. रूममेटना आजच सांगते की ट्रकमध्ये काहीही नको.

तरी दोन शंका. एखादं जुनं कार्ट्रिज कुठल्या जॅकेटच्या खिशात राहून गेलं आणि अडवलं, तर नेमकं काय करायचं? आणि माल रूममेटचा असताना भावावर केस होते का?

---

ह्यूस्टनकर

दुसरी शंका आधी. होय, होऊ शकते. कायद्यात बाळगणं म्हणजे अंगावर असणंच नव्हे. वस्तू आपल्या ताब्यातल्या जागेत आहे आणि आपल्याला तिची माहिती आहे, एवढं पुरतं. टेक्ससची कोर्टं नुसतं गाडीत बसलेला असणं पुरेसं धरत नाहीत. माल कुणाच्या हाताशी होता, कुणाच्या बॅगेत, गाडी कुणाच्या नावावर, वास येत होता का, असे दुवे जोडावे लागतात. पण ती चर्चा कोर्टात, काही महिन्यांनी. रस्त्यावर "माझं आहे" असं कुणीच म्हटलं नाही तर तिघांनाही आत घेतात. ट्रकचा भाडेकरार भावाच्या नावावर असेल तर पहिला दुवा तोच. करार रूममेटच्या नावे करता येत असेल तर करा.

निघण्यापूर्वी: प्रत्येकाने आपापली बॅग स्वतः भरायची, बॅगेवर नाव. जॅकेटचे खिसे, लॅपटॉपच्या पिशवीचे कप्पे, गाडीचा ग्लव्ह बॉक्स, चार्जरची डबी रिकामी करून बघायची. वेपचं पेन पेनड्राइव्हसारखं दिसतं, तेच राहून जातं. ग्राइंडर आणि काचेचा पाइपही टाकून द्या. त्यात चिकटलेल्या राळेवरही केस होते. जुनी सोफा-कव्हरं, गाद्या वास धरतात, त्या न्यायच्याच कशाला?

अडवल्यावर: गाडी उजव्या बाजूला, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. चालकाने लायसन्स, भाडेकरार, विमा द्यायचा. नाव, पत्ता खरा सांगायचा. खोटं एक अक्षर नाही, खोट्याचा वेगळा गुन्हा होतो आणि व्हिसाच्या फाइलीत तो जास्त नडतो. "ट्रक बघू का?" असं विचारलं तर शांतपणे, "सर, मी तपासणीला संमती देत नाही." एवढंच वाक्य. आपली मुलं इथे चुकतात. पोलिसासमोर नम्र राहायचं म्हणून "हो, बघा ना" म्हणून मोकळी होतात आणि मग वकिलाच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार जातं. संमती नाकारूनही त्यांनी तपासलं तर अडवायचं नाही. तपासणी कायदेशीर होती का, ते नंतर कोर्ट बघेल.

वास आला, हे कारण टेक्सस पोलीस अजूनही वापरतात, आणि सबळ कारण असेल तर गाडीच्या तपासणीला वॉरंट लागत नाही. मात्र दंडाची चिठ्ठी देऊन झाल्यावर नुसतं श्वानपथकाची वाट बघत थांबवून ठेवता येत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा रॉड्रिगेझ निकाल आहे. "मी जाऊ शकतो का?" हे विचारायला हरकत नाही.

सापडलंच तर: "कुणाचं?" या प्रश्नावर "मला वकिलाशी बोलायचं आहे" याखेरीज काही नाही. "माझं नाही, याचं आहे, पण मी कधीतरी घेतो" हे भोळं वाक्य सर्वांत महाग पडतं. त्यात वर कायदेकानू यांनी सांगितलेली कबुली आयती येते. तुरुंगातल्या फोनवरून घरी काय घडलं ते सांगत बसू नका, ते फोन रेकॉर्ड होतात.

सुटल्यावर: पहिल्या आठवड्यात दोन वकील. एक स्थानिक फौजदारी, एक इमिग्रेशन, आणि दोघांचं आपापसात बोलणं झालं पाहिजे. "तारखेला जा, कबूल कर, दंड भर, मोकळा हो" हा मित्रांचा सल्ला अजिबात ऐकू नका. टेक्ससमध्ये २०१९ च्या हेम्प (अगदी कमी टीएचसीचं गांज्याचं झाड) कायद्यापासून टीएचसीचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजून दाखवावं लागतं, ०.३ टक्क्यांवर आहे की नाही ते. अहवालाला महिने लागतात आणि बारीक प्रकरणं त्यातच ढिली पडतात. घाई आरोपीला परवडणारी नसते.

---

बीकेसी_रांग

स्टॅम्पिंगपुरतं लिहिते. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात तीन प्रश्न इथे लागू होतात. कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, माफी मिळाली असली तरी. अंमली पदार्थांविषयीचा कायदा कधी मोडला आहे का. व्यसनी आहात किंवा होतात का.

पहिल्या प्रश्नात "अटक" शब्द आहे. केस फेटाळली गेली तरी उत्तर "हो". हातात बेड्या पडल्या आणि बोटांचे ठसे घेतले की ती नोंद मुंबईच्या अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर असतेच. तिथे "नाही" लिहिणं म्हणजे खोटी माहिती देऊन व्हिसा मागणं, आणि त्याची बंदी आयुष्यभराची. फेटाळलेल्या केसमुळे जे नुकसान झालं नसतं ते या एका टिकमुळे होतं.

सोबत ठेवायची कागदपत्रं: कोर्टाच्या क्लार्ककडून शिक्का मारलेली अंतिम निकालाची प्रत, पोलीस अहवाल, आरोपपत्र, वर्ग किंवा दंड पूर्ण केल्याचा दाखला, आणि कलमाचा मजकूर. टेक्ससमध्ये केस सुटल्यावर "एक्स्पंक्शन" करून रेकॉर्ड नष्ट करता येतं. ते करण्यापूर्वी प्रमाणित प्रती किमान तीन काढून घ्या. एकदा नष्ट झालं की क्लार्क "आमच्याकडे असं काही नाही" एवढंच सांगतो आणि वकिलातीला दाखवायला कागद उरत नाही.

केस चालू असताना भारतात जाऊ नका. अटक झाल्याबरोबर, विशेषतः डीयूआयमध्ये, परराष्ट्र खातं व्हिसाचा शिक्का निकालाची वाट न पाहता रद्द करू शकतं. ईमेल येतं, ते स्पॅममध्येही जातं. २०२५ च्या वसंतात किरकोळ पोलीस नोंदी असलेल्या अनेक विद्यार्थ्यांची सेविस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली नोंद) अचानक बंद झाली होती. कोर्टात दावे गेल्यावर एप्रिलअखेर त्या परत चालू करायला सुरुवात झाली. शाळेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा आणि वकिलाचा नंबर हाताशी असावा.

डीयूआय असेल तर वकिलात ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे पाठवते. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीतही गांज्याविषयी थेट विचारतात. व्यसनाचं निदान झालं तर बारा महिने वापर पूर्ण थांबल्याचं दिसावं लागतं.

दोषसिद्धी असूनही स्टॅम्पिंग हवं असेल तर तात्पुरत्या व्हिसासाठी २१२(डी)(३) ची सूट मागता येते. अधिकाऱ्याने शिफारस केली तर अर्ज पुढे वॉशिंग्टनला जातो. महिने लागतात, नोकरी तोवर थांबेल याची खात्री नाही.

---

सिएटल_मराठी

वॉशिंग्टन राज्यात २०१२ च्या मतदानापासून १ औंस कायदेशीर, त्यामुळे इथले आपले लोक फार निर्धास्त असतात. तीन ठिकाणी फसतात.

राष्ट्रीय उद्यानं. माउंट रेनियर, ऑलिंपिक, खाली कॅलिफोर्नियात योसेमिटी ही केंद्राची जमीन. राज्याचा कायदा फाटकाबाहेर राहतो. तिथे ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० डॉलरपर्यंत दंड, आणि केस केंद्रीय कोर्टात.

आयडाहो. स्पोकेनपासून अर्ध्या तासावर. ३ औंसांपर्यंत एक वर्ष कैद, १,००० डॉलरपर्यंत दंड. २०२५ च्या कायद्याने किमान ३०० डॉलरही ठरवून टाकले. फूल थोडं जास्त, ३ औंसांवर गेलं की फेलनी.

व्हँकुव्हर. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर, पण सीमा ओलांडून नेणं दोन्ही दिशांनी गुन्हा. परतताना एखाद्याने "तिकडे घेतला" असं सहज सांगितलं की पुढचे तास आतल्या खोलीत.

---

नेपरव्हिल_आजी

इलिनॉयचंही जोडते. १ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या रहिवाशाला ३० ग्रॅम, बाहेरून आलेल्याला फक्त १५. न्यू जर्सीचं लायसन्स असलेला पुतण्या शिकागोत आला आणि ३० ग्रॅम घेतलं तर निम्मं बेकायदा. गाडीत ते वास न येणाऱ्या बंद डब्यातच हवं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये दोन निकाल दिले: जळालेल्या गांज्याच्या नुसत्या वासावरून गाडी तपासता येत नाही, पण कच्च्या गांज्याचा वास आला तर येते. आणि इंडियानाची हद्द ओलांडली की थोड्याशा मालालाही १८० दिवस आणि १,००० डॉलर.

माझा प्रश्न वेगळा. सुनेला एच-फोर ईएडी (एच-वनवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) आहे, डिस्पेन्सरीत हिशेबनीसाची नोकरी चालून आली आहे. राज्याचा परवाना आहे, पगार चेकने. घ्यावी का?

---

कायदेकानू

आजी, घेऊ नये. केंद्राच्या लेखी तो व्यापार बेकायदा आहे आणि हिशेब ठेवणाराही त्यात सामील धरला जाऊ शकतो. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने (केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने) स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा उद्योगातली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, "हा व्यापारात आहे असं मानायला कारण आहे" एवढ्यावर प्रवेश नाकारता येतो, तिथे दोषसिद्धीही लागत नाही. डिस्पेन्सरीत गुंतवणूक, तिला गाळा भाड्याने देणं, तिचं सॉफ्टवेअर सांभाळणं, यांपैकी काहीही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घ्या.

"केंद्राच्या यादीतला गांज्याचा वर्ग आता बदलणार, मग सगळं मोकळं" असंही ऐकू येतं. पहिल्या (सर्वांत कडक) वर्गातून तिसऱ्या वर्गात नेण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये आला. पण इमिग्रेशन कायदा वर्ग बघतच नाही. यादीतला कुठलाही पदार्थ त्याला सारखाच. २०२२ आणि २०२३ ची अध्यक्षीय माफीही केंद्रीय गुन्ह्यांपुरती, आणि नागरिक व ग्रीन कार्डधारकांपुरती होती. एफ-वन, एच-वनला ती मिळालीच नाही.

---

मृणाल_एडिसन

शेवटचं एक. आई सहा महिने इथे होती, गुडघ्यांना सीबीडीचं (गांज्याच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या घटकाचं) तेल लावायची. भाऊ डिसेंबरात मुंबईला जाताना दोन बाटल्या नेणार होता. दुकानात "हेम्प, पूर्ण कायदेशीर" असं लिहिलंय.

---

बीकेसी_रांग

नेऊ देऊ नका. अमेरिकेत २०१८ च्या फार्म बिलाने ०.३ टक्क्यांखालचं हेम्प वगळलं, आणि नोव्हेंबर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तीही व्याख्या आवळली. मुंबई विमानतळावर यातलं काही लागू नाही, तिथे १९८५ चा एनडीपीएस हा भारताचा अंमली पदार्थविरोधी कायदा आहे. गांज्याचं कोणतंही मिश्रण त्याच्या व्याख्येत येतं, आणि आयात हा नुसतं बाळगण्याहून वेगळा गुन्हा आहे. अल्प प्रमाण असलं तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. वजनाचं तिथेही टेक्सससारखंच. एप्रिल २०२० च्या हिरा सिंग निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रमाण ठरवताना सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं, शुद्ध अर्काचं नाही.

आणि मुंबईत अटक झाली तर तीही डीएस-१६० च्या त्याच प्रश्नात लिहावी लागते.

आईंना गुडघ्यांसाठी तेल हवंच असेल तर भारतात आयुष परवान्याची विजया तेलं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात, ती तिथेच घ्या. इथल्या दोन्ही बाटल्या भाऊ निघण्यापूर्वी घरातून काढा. प्लेनोच्या ट्रकमध्येही त्या नकोत: लेबल काहीही म्हणो, आत टीएचसी किती आहे ते प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रस्त्यावरच्या पोलिसाला कळत नाही.